रंगांचे जादूगार : अडॉल्फ फॉन बायर



या पानासाठी आम्ही बहुधा एखादे संत, क्रांतिकारक किंवा समाजसुधारक निवडतो. यावेळी एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र देत आहोत, आणि त्याचे कारण घरचे आहे. आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला बरीच वर्षे शुगर आहे. दिसते तर नीट, मग डोळे कशाला तपासायचे, असे ते म्हणत राहिले आणि आम्हीही ऐकत राहिलो. शेवटी उजव्या डोळ्यापुढे काळे डाग तरंगू लागले तेव्हा त्यांना नागपूरला नेले. तेथे दंडाच्या शिरेत पिवळा-नारिंगी रंग टोचला आणि दहा-पंधरा सेकंदांत तो डोळ्याच्या पडद्यावर पोहोचलेला आम्ही यंत्रावर पाहिला. हा रंग आला कुठून, हे शोधताना बायर यांचे नाव सापडले.

अडॉल्फ बायर यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1835 रोजी बर्लिन येथे झाला. वडील सैन्यात अधिकारी होते व जमिनीच्या मोजणीचे मोठे जाणकार होते. मुलाला मात्र लहानपणापासून रसायनांचा नाद. तेराव्या वाढदिवशी त्याने दोन थालर, म्हणजे तेव्हाची जर्मन नाणी, देऊन स्वतःसाठी निळीचा एक खडा विकत घेतला. त्या काळी युरोपात येणारी बरीचशी नीळ आपल्या हिंदुस्थानातील शेतांतून जात असे. हा खडा पुढे चंपारणपर्यंत पोहोचणार होता.

हायडेलबर्ग येथे बुन्सेन यांच्याकडे (प्रयोगशाळेतील बुन्सेन बर्नर तो यांच्याच नावाचा) आणि नंतर केकुले यांच्याकडे ते शिकले. 1858 साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. 1860 पासून सुमारे बारा वर्षे त्यांनी बर्लिनच्या एका औद्योगिक शिक्षणसंस्थेत तुटपुंज्या पगारावर शिकवले. त्यांची मोठी कामे या पडत्या काळातच सुरू झाली, ही गोष्ट आम्हा शिक्षकांना विशेष वाटते.

येथेच 1871 साली त्यांनी थॅलिक अनहायड्राइड व रिसॉर्सिनॉल हे दोन पदार्थ एकत्र तापवून एक नवा रंग तयार केला. तोच फ्लुओरेसिन. बादलीभर पाण्यात चिमूटभर टाकला तरी पाणी हिरवेगार चमकते. निळा प्रकाश त्यावर पडला की तो पिवळा-हिरवा प्रकाश परत देतो. 1877 साली जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी जमिनीत मुरून कोठे जाते हे पाहण्यासाठी हा रंग सुमारे दहा किलो नदीत सोडला गेला. साधारण साठ तासांनी आख नावाच्या झऱ्याचे पाणी हिरवे झाले. जमिनीखालची वाट सापडली. यातच ब्रोमीन मिसळून इओसिन हा रंग झाला, ज्याची लाल शाई तपासलेल्या वह्यांवर पिढ्यान्‌पिढ्या उमटली.

पुढे ते स्ट्रासबर्गला व 1875 साली म्युनिकला प्राध्यापक झाले. एमिल फिशर या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे याच रंगावर प्रबंध लिहिला. शिष्याला 1902 साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि गुरूंना त्यानंतर, 1905 साली! अ‍ॅस्पिरिनच्या गोळीवरचे बायर ते हे नव्हेत, विद्यार्थी नक्की विचारतील म्हणून सांगतो.

तेराव्या वाढदिवसाचा तो निळीचा खडा ते विसरले नव्हते. 1880 साली त्यांनी प्रयोगशाळेत नीळ तयार केली व 1883 साली तिची रचना उलगडली. त्यांची पद्धत महाग होती. दुसऱ्या स्वस्त पद्धतीने कारखान्याची नीळ 1897 मध्ये बाजारात आली आणि आपल्याकडील नीळ-शेतीचा भाव कोसळला. बिहारच्या चंपारणात शेतकऱ्यांना दर वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ पेरण्याची सक्ती होती. भाव पडल्यावर गोऱ्या मळेवाल्यांनी सक्तीतून सोडवण्याच्या नावाखाली वाढीव खंड आणि रोख रकमा उकळल्या, म्हणजे तोटा स्वतःचा आणि भरपाई शेतकऱ्याची. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाला भाव पडणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. एप्रिल 1917 मध्ये गांधीजी चंपारणला गेले. त्याच वर्षी 20 ऑगस्टला बायर यांचे निधन झाले. दोष त्यांचा होता असे आम्ही म्हणत नाही, पण चरित्र लिहिताना ही बाजू गाळणे आम्हाला बरे वाटले नाही.

फ्लुओरेसिनचे पुढे काय झाले? 1882 साली पॉल एर्लिक यांनी ते प्राण्यांना टोचून डोळ्यातील द्रवाचा प्रवाह अभ्यासला. माणसाच्या डोळ्यातील रक्तप्रवाहाची पद्धतशीर छायाचित्रे काढली ती अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या नोवोत्नी आणि अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी. रंग अल्विस यांनी स्वतःलाच टोचून घेतला. 1961 साली त्यांचा लेख छापून आला, तोही रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात.

तपासणीचे तत्त्व डॅन्यूबसारखेच आहे. रंग शिरेतून हृदयात व तेथून डोळ्यात जातो. निळ्या प्रकाशात एकामागून एक फोटो घेतात. कोणत्या वाहिनीत रंग उशिरा आला, कोठे झिरपतो, कोठे पोहोचलाच नाही, हे दिसते. शुगरने खराब झालेल्या बारीक वाहिन्यांतून तो पाझरतो. आमच्या वडीलधाऱ्यांच्या उजव्या पडद्यावर असे पाझर बरेच होते, डाव्यात दोनच. उजव्या डोळ्याला फारसे परत मिळाले नाही. डाव्याला लेझरचा उपचार झाला.

रंगामुळे काही वेळ मळमळू शकते, त्वचा काही तास पिवळसर राहते आणि लघवी एक-दोन दिवस गडद पिवळी होते. आमच्या घरी कावीळ झाली म्हणून रडारड झाली होती. कोणाला औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. आता रंग न टोचता वाहिन्या दाखवणारी यंत्रेही आली आहेत, परंतु झिरपणे पाहायला अजून हा जुना रंगच लागतो.

पोळा झाल्यावर त्यांना पुन्हा नागपूरला न्यायचे आहे. यावेळी तारीख त्यांनी स्वतः कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.