प्रवासी पेटीला सपाट झाकण देणारा कारागीर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील प्रवासी पेट्यांची झाकणे बहुधा घुमटाकार असत. घोडागाडीच्या टपावर ठेवलेल्या पेटीवरून पावसाचे पाणी ओघळून जावे, हा त्यामागचा हेतू. आगगाडी आणि आगबोट आल्यावर मात्र हीच सोय अडचण ठरली. कारण अशा पेट्या एकावर एक रचता येत नसत. ही अडचण अचूक हेरणारा कारागीर म्हणजे लुई व्हिटॉन.

पूर्व फ्रान्समधील ज्युरा परिसरातील आँशे या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात ४ ऑगस्ट १८२१ रोजी लुईचा जन्म झाला. आई तो लहान असतानाच वारली. १८३५ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी, त्याने घर सोडले आणि पायीच पॅरिसची वाट धरली. वाटेत मिळेल ते काम करत सुमारे पावणेपाचशे किलोमीटरचे हे अंतर कापायला त्याला दोन वर्षे लागली.

पॅरिसमध्ये मारेशाल नावाच्या पेटीकाराकडे तो उमेदवारी करू लागला. घेरदार, नाजूक पोशाख चुरगळू न देता पेटीत भरणे ही त्याकाळी स्वतंत्र कला होती. लुईने तीत असे प्रावीण्य मिळवले, की तिसऱ्या नेपोलियनची पत्नी सम्राज्ञी युजेनी हिचे सामान बांधण्याचे काम त्याच्याकडे आले. १८५४ मध्ये त्याने स्वतःचे दुकान थाटले. चार वर्षांनी त्याने सपाट झाकणाची पेटी बाजारात आणली. पॉप्लरच्या हलक्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर चामड्याऐवजी राखाडी रंगाचे जलरोधक कॅनव्हास, अशी तिची रचना होती. मागणी इतकी वाढली, की १८५९ मध्ये पॅरिसजवळच्या आस्निएर येथे कारखाना उभारावा लागला.

१८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने मात्र सारे धुळीस मिळवले. कारखाना लुटला गेला, हत्यारेही गेली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर लुईला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्याने ती केली. १८७१ मध्ये पॅरिसच्याच स्क्रीब रस्त्यावर नवे दुकान उघडले.

दुसरे संकट नकलाकारांचे होते. राखाडी कॅनव्हासची नक्कल होताच १८७२ मध्ये पट्ट्यापट्ट्यांचे कापड आले. त्याचीही नक्कल झाली, तेव्हा १८८८ मध्ये नाव छापलेले बुद्धिबळाच्या पटासारखे चौकटींचे कापड आले. दरम्यान १८८६ मध्ये चोरांना सहजी न उघडणारे कुलूपही पितापुत्रांनी तयार केले.

२७ फेब्रुवारी १८९२ रोजी आस्निएर येथे लुईचे निधन झाले. आज जगभर ओळखली जाणारी आद्याक्षरांची नक्षी त्याने पाहिलीच नाही. ती त्याचा मुलगा जॉर्ज याने १८९६ मध्ये, नकलांना आळा घालण्यासाठीच आणली. पुढे १९२६ मध्ये बडोद्याच्या महाराजांसाठी चहाच्या सरंजामाची खास पेटी याच घराण्याच्या कारखान्यात घडली.