एडवर्ड फ्रँकलँड: नळीच्या तळाशी उरलेला शोध

प्रोग्रॅम फसला की मी आधी एरर लॉग उघडतो. एडवर्ड फ्रँकलँड यांच्याबद्दल वाचताना मला तेच आठवलं.

त्यांचा जन्म १८२५ साली इंग्लंडमधल्या लँकेशरमध्ये झाला. आई-वडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. वडिलांचं नाव गुप्त ठेवायच्या अटीवर आईला दरवर्षी पैसे मिळायचे. पोरवयातच फ्रँकलँड लँकेस्टरच्या एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला लागले आणि तिथे सुमारे सहा वर्षं राबले.

१८४९ मध्ये ते जर्मनीत, मारबुर्गला बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत होते. त्यांना हवा होता एकटा, सुटा इथाइल गट. म्हणून बंद काचनळीत त्यांनी इथाइल आयोडाइड आणि जस्त तापवलं. हिशोब साधा होता: जस्त आयोडीन ओढून घेईल, इथाइल मोकळा होईल. वायू मिळाला, तो इथाइलच आहे असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात दोन इथाइल जोडून ब्यूटेन झाला होता! म्हणजे अंदाज चुकला.

पण नळीत काहीतरी उरलं होतं. मिथाइलच्या प्रयोगातल्या अशाच अवशेषावर त्यांनी पाणी टाकलं आणि हिरवट-निळी ज्वाळा काही फूट उसळली. बुन्सेन यांना वाटलं, हे आर्सेनिकचं विष, आता हा मुलगा वाचत नाही! फ्रँकलँड यांनी ज्वाळेचा डाग तपासला. तो जस्ताचा निघाला. जस्त थेट कार्बनला जोडलं गेलं होतं.

अशा संयुगांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की प्रत्येक मूलद्रव्याची जोडण्याची क्षमता ठरावीक असते. १८५२ मध्ये त्यांनी हे मांडलं. आपण शाळेत शिकलेली संयुजा ती हीच. पुढे लंडनचं पिण्याचं पाणी तपासण्यात त्यांची अनेक वर्षं गेली. १८९९ मध्ये नॉर्वेत त्यांचं निधन झालं.

गोष्ट इथे संपत नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि स्मिथ यांनी जस्त वापरून तीन कार्बनचं वलय, म्हणजे सायक्लोप्रोपेन, बनवायची पद्धत दिली. डायआयोडोमिथेनमधल्या एका आयोडीनच्या जागी जस्त येतं. आता मधल्या कार्बनच्या एका बाजूला जस्त, दुसऱ्या बाजूला आयोडीन. हा कार्बन दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनना एकाच वेळी, एकाच बाजूने चिकटतो आणि झिंक आयोडाइड बाहेर पडतं. सगळं एका टप्प्यात होत असल्याने, बंधाच्या एकाच बाजूला असलेले गट वलयातही एकाच बाजूला राहतात.

नंतर फुरुकावा यांनी याच कामाला डायइथाइल झिंक वापरलं. म्हणजे फ्रँकलँड यांच्या नळीतलंच संयुग!

तेव्हा पुढच्या वेळी कोड फसला, तर डिलीट मारण्याआधी तळाशी काय उरलंय तेवढं बघा.