बंदुकीच्या घरातला सायलेन्सर

बँकेच्या नोकरीत काही वर्षे मी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. शाखेच्या दाराशी दुनळी बंदूक मांडीवर आडवी घेऊन बसणारे आमचे गार्डमामा फौजेतून निवृत्त झालेले. माणूस करारी, पण डाव्या कानाने जवळजवळ बहिरा. त्या बाजूने कुणी पासबुक भरायची खिडकी विचारली, की मामा त्याला ठामपणे कर्जविभागाकडे धाडत. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाच्या बाजूला असतो आणि उजव्याला डोक्याची आड मिळते, हे शास्त्र मला मामांनीच शिकवले. कानात कापसाचे बोळे घालणे त्यांच्या उमेदीच्या काळात भित्रेपणाचे समजत, असेही ते सांगत.

मामांची आठवण निघाली ती पुतण्यामुळे. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले आणि महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांप्रमाणे आमच्याही घरात एक नेमबाज निपजला. सुट्टीच्या दिवशी तो पुण्यात रेंजवर जातो. परवा त्याने विचारले, की काका, लोक परदेशात बंदुकीला सायलेन्सर लावतात, तो पैसे घालण्याजोगा असतो का? आता मी काही शस्त्रांचा जाणकार नव्हे. पण कर्ज मागायला आलेल्याच्या घराण्याची आधी चौकशी करायची, ही बँकेतली सवय अजून सुटलेली नाही. तशी ती सायलेन्सरचीही केली, आणि एका विलक्षण घराच्या अंगणात जाऊन पोहोचलो.

घर मॅक्झिम यांचे. थोरले हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम १८४० साली अमेरिकेतल्या मेन राज्यात जन्मले. उंदराच्या सापळ्यापासून विजेच्या दिव्यापर्यंत काय काय त्यांनी करून पाहिले. १८८१ मध्ये ते युरोपात गेले आणि लंडनला त्यांनी १८८४ च्या सुमारास मॅक्झिम तोफ सिद्ध केली. गोळी सुटताना बंदूक मागे जो धक्का देते, त्याच धक्क्याच्या बळावर पुढची गोळी आपोआप भरली जावी, ही त्यातली युक्ती. मिनिटाला सहाशे गोळ्या. १८९८ साली सुदानमध्ये ओमदुरमानला एका सकाळीत दहा हजारांच्या वर माणसे पडली, त्यात या तोफेचा वाटा मोठा होता. १९०१ मध्ये मॅक्झिमना सर ही पदवी मिळाली. तोवर चाचण्यांच्या धडधडाटाने त्यांचे कान मात्र गेले होते. उतारवयात त्यांनी दम्या-खोकल्याच्या रोग्यांसाठी वाफ हुंगायचे यंत्र केले, तेव्हा असल्या भाकड उद्योगात त्यांनी नाव घालवले, असे लोक म्हणू लागले. माणसे मारायच्या यंत्राने मिळालेले नाव माणसे वाचवायच्या यंत्राने जावे, याचे त्यांना फार वाईट वाटे. मलाही वाटते.

थोरल्यांचे भाऊ हडसन मॅक्झिम बिनधुराची दारू करण्यात वाकबगार. १८९४ साली एका स्फोटात त्यांचा डावा हात गेला. दोघा भावांचे पुढे इतके फाटले, की शोध कुणाचा यावरून जन्मभराचा वैरभाव राहिला. भावकी ही फक्त आपल्याकडेच असते असे नाही.

या घरात २ सप्टेंबर १८६९ रोजी ब्रुकलिनला जन्मला तो हायरम पर्सी मॅक्झिम. वडील युरोपात गेले तेव्हा तो बारा वर्षांचा होता. ते परत घरी नांदायला आले नाहीत. आई जेन आणि दोन बहिणींसह पोरगा अमेरिकेतच वाढला. वडिलांच्या आठवणींचे एक पुस्तक त्याने म्हातारपणी लिहिले. त्यात तक्रारीचा सूर जवळजवळ नाही, आहेत त्या वडिलांच्या खोड्या आणि फजित्या. कादंबरीकार म्हणून मला हा मुलगा वाचायला अवघड वाटतो. आम्ही असतो तर त्याला चारशे पाने रडवले असते.

वयाच्या सतराव्या वर्षाच्या आतच, १८८६ मध्ये, तो बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून शिकून बाहेर पडला आणि लिन गावी तोफगोळ्यांच्या कारखान्यात लागला. १८९२ च्या सुमारास त्याच्या मनाने घेतले, की तीनचाकीवर एंजिन बसवून घोड्याविना गाडी चालवावी. पेट्रोल काय चीज आहे ते त्याला माहीत नव्हते. रात्री कारखान्यात एकटा थांबून त्याने रिकाम्या काडतुसात पेट्रोलचा एक थेंब टाकला आणि वरून पेटती काडी सोडली. जो भडका उडाला त्यातून थोडक्यात वाचला, पण एका थेंबात केवढी ताकद आहे हे त्याला कळले. पुढे हार्टफर्डच्या पोप कंपनीत त्याने मोटारी केल्या. मोटारीच्या एंजिनाचा फटफटाट दाबण्याचे काम आणि बंदुकीचा आवाज दाबण्याचे काम मुळात एकच आहे. आपल्याकडे सायलेन्सर म्हटले की बुलेट मोटारसायकलच आठवते. ती आठवण चुकीची नाही.

बंदुकीच्या सायलेन्सरची कल्पना त्याला न्हाणीघरात सुचली, असे सांगतात. टबातले पाणी मोरीकडे जाताना सरळ पडत नाही, भोवरा घेत, रेंगाळत जाते. गोळीमागून येणारा तापलेला वायूही असाच फिरवला तर? बंदुकीचा बार म्हणजे बहुतांशी हा कोंडलेला वायू नळीच्या तोंडाशी एकदम सुटल्याचा आवाज. नळीच्या टोकाला डबा बसवून त्यात पडद्यामागे पडदे ठेवले, की गोळी मधल्या भोकातून सरळ निघून जाते आणि वायू पडद्यांत घोटाळत, थंड होत, सावकाश बाहेर पडतो. कुकरचे झाकण फेकले जाणे आणि शिट्टीवाटे वाफ जाणे यात जो फरक, तोच. ३० मार्च १९०९ रोजी त्याला या युक्तीचे पेटंट मिळाले.

मग त्याने हार्टफर्डहून हा सायलेन्सर टपालाने विकायला काढला. किंमत पाच-सात डॉलर. गिऱ्हाईक कोण, तर परसात डबे-बाटल्यांवर नेम धरणारी हौशी माणसे. शेजाऱ्यांची झोप मोडू नये, नवशिक्याने आवाजाला दचकून नेम चुकवू नये आणि कान शाबूत राहावेत, एवढाच त्याचा दावा. राष्ट्राध्यक्ष राहिलेले थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टर रायफलीलाही मॅक्झिमचा सायलेन्सर होता. लेकाने बापाच्या बहिरेपणावर उतारा शोधला, अशी गोष्ट जुळवायचा मोह मला झाला. पण बाप समुद्रापार, भेटी तुरळक. पुरावा नाही, तेव्हा मोह आवरतो.

आता या वस्तूचे नाव थोडे फसवे आहे. सायलेन्सरने बंदूक गप्प होत नाही. रायफलीचा बार साधारण १४० ते १७० डेसिबलचा. चांगला सायलेन्सर त्यातले वीस ते पस्तीस डेसिबल कमी करतो. उरतो तोही चांगला मोठा आवाज. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा, वेगाने जात असेल तर हवेत तिचा स्वतःचा फटकारा उमटतो आणि त्याला नळीवरचा डबा काही करू शकत नाही. पोतराजाच्या आसुडाचे टोक असेच ध्वनीला मागे टाकते, म्हणून तो कडाडतो. आणि सिनेमातला खलनायक रिव्हॉल्वरला नळकांडे लावून फुस्स असा आवाज काढतो ते तर निव्वळ थोतांड, कारण नेहमीच्या रिव्हॉल्वरमध्ये फिरता गोल आणि नळी यांच्यातल्या फटीतूनच वायू निसटतो.

सिनेमा आणि चोरट्या शिकाऱ्यांच्या भीतीने सायलेन्सरला जी बदनामी चिकटवली, ती कायद्यात उतरली. १९३४ साली अमेरिकेने त्यावर दोनशे डॉलरचा कर बसवला. पाच डॉलरच्या वस्तूवर! मॅक्झिमच्या कंपनीने मात्र त्याआधीच बंदुकीचा नाद सोडून कारखान्यांची, जहाजांची एंजिने गप्प करण्याचा धंदा धरला होता. खिडकीतून हवा यावी पण रस्त्याचा गोंगाट येऊ नये, असेही एक यंत्र तिने केले. आपल्या मोंढ्याजवळच्या घरांना ते फार उपयोगी पडले असते. अमेरिकेतला तो कर २०२५ च्या कायद्याने २०२६ च्या आरंभापासून शून्यावर आला. नोंदणी तेवढी राहिली. नॉर्वे, फिनलंडात शिकारी तो सर्रास वापरतात आणि शेजाऱ्याविषयीचा शिष्टाचार मानतात.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीची जी व्याख्या आहे, तीतच आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी जोडवस्तूही धरली आहे. म्हणजे नुसता तो डबा विनापरवाना घरात सापडला तरी बेकायदा बंदूक बाळगल्यासारखेच. म्हणून पुतण्याला मी सांगितले, की तुझ्यापुरता हा व्यवहार तोट्याचा. तुझ्या दहा मीटरच्या एअर रायफलला त्याची गरज नाही. बावीस बोअरला गेलास तर कानात बुच आणि वरून कानटोप, दोन्ही घाल. चांगला कानटोप वीस ते तीस डेसिबल खातो, म्हणजे जवळपास सायलेन्सरइतकाच, आणि तो घ्यायला कलेक्टर कचेरीत जावे लागत नाही. उद्या कायदा बदलला तर माझे मतही बदलेल, कारण कानटोप फक्त घालणाऱ्याचे कान राखतो आणि शेजारच्या शाळेतल्या पोरांचे नाही. इथे मॅक्झिमचे म्हणणे मला खरे वाटते.

पण मॅक्झिमचा खरा जीव आणखीच कशात होता. आवाज दाबणाऱ्या या माणसाला आवाज दूर पोहोचवायचे वेड लागले. हार्टफर्डच्या घरी त्याने बिनतारी संदेशाचे यंत्र उभारले. १९१४ साली त्याला तीसेक मैलांवरच्या स्प्रिंगफिल्डमधल्या एका हौशी माणसाला संदेश द्यायचा होता. यंत्र तिथवर पोहोचेना. मग वाटेवरच्या विंडसर लॉक्समधल्या तिसऱ्या हौशी माणसाने तो पुढे पोहोचवला. हातोहात घागरी द्याव्यात तसे हे संदेश देशभर का जाऊ नयेत, असे त्याच्या मनात आले आणि त्यातून अमेरिकन रेडिओ रिले लीग निघाली. १९२५ मध्ये पॅरिसला हौशी रेडिओवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, तिचा पहिला अध्यक्ष तोच. हीच ती हॅम रेडिओची मंडळी. पुढच्याच वर्षी त्याने हौशी चित्रपट काढणाऱ्यांचीही संघटना काढली. १९३६ च्या फेब्रुवारीत पत्नीसह कॅलिफोर्नियातली वेधशाळा पाहायला निघाला असता घशाच्या आजाराने तो आगगाडीतच खालावला आणि कोलोरॅडोत ला हुंटा गावी १७ तारखेला गेला. वय ६६.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, चारला काही मिनिटे असताना किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसे गेली. लातूर आणि उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांत हाहाकार. संपर्काची साधने कोलमडली, तेव्हा बाहेरगावाहून हॅम रेडिओवाले आपापले संच घेऊन आले आणि गावोगावचे निरोप पुढे देऊ लागले. काही दिवसांनी आम्ही बँकेतली काही जण मदत घेऊन उमरग्याच्या बाजूला गेलो होतो, गार्डमामाही बरोबर होते. एका तंबूत असा संच चालू होता. खरखरीतून नावे येत होती, कोण जिवंत, कोण कुठल्या दवाखान्यात. मामा बंदूक खांद्यावरून उतरवून, उजवा कान पुढे करून, बराच वेळ तिथे उभे होते.