थिबा राजा

इ. स. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले जिंकली आणि थिबा राजाला कैद केले. तो त्या वेळी अवघा २६ वर्षांचा होता. प्रथम मद्रासेस व १८८६ मध्ये रत्नागिरीस त्याला आणून ठेवण्यात आले. सत्तावीस वर्षांपूर्वी याच इंग्रजांनी दिल्लीच्या बहादुरशहाला रंगूनला धाडले होते; आता ब्रह्मदेशाचा राजा कोकणात आला!

राणी सुपयालत व मुली बरोबर होत्या. खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण परवानगीवाचून गाव सोडण्याची मुभाही नव्हती. सरकारी तनखा पुरेना, तेव्हा मंडालेहून आणलेली माणके एकेक करून विकली गेली.

मंडाले इरावतीच्या काठी, समुद्रापासून फार दूर. येथे मात्र समोर अफाट अरबी समुद्र पसरलेला. राजा तासन्‌तास दुर्बिणीतून जहाजे न्याहाळीत असे, अशी आठवण रत्नागिरीत सांगतात. त्यांतले एकही जहाज त्याला न्यायला येणारे नव्हते. शिवाय हा समुद्र पश्चिमेचा. त्याचा मायदेश राहिला पाठीमागे, सह्याद्रीच्या पलीकडे, जिकडून रोज सूर्य उगवे.

१९१० मध्ये सरकारने त्याच्यासाठी टेकडीवर प्रशस्त राजवाडा बांधला. त्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला. १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. त्याचा देह ब्रह्मदेशी नेऊ द्यावा, ही राणीची मागणी सरकारने मानली नाही. १९१९ मध्ये रत्नागिरीतच त्याचे दफन झाले. त्याच वर्षी राणी रंगूनला परतली. मंडालेस जाण्याची परवानगी मात्र तिलाही मिळाली नाही.