लोहाराचा मुलगा : मायकेल फॅरेडे

पोलादाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या आपल्या भिलाईत मायकेल फॅरेडे यांचे चरित्र सांगताना, त्यांचे वडील लोहार होते हे आधी सांगावेसे वाटते. लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स येथे २२ सप्टेंबर १७९१ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी, शिक्षण लेखन, वाचन आणि अंकगणितापुरतेच. चौदाव्या वर्षी ते एका पुस्तक-बांधणीच्या दुकानात उमेदवारीस लागले. बांधावयास आलेली पुस्तके हीच त्यांची शाळा. विश्वकोशातील विजेवरचा लेख त्यांनी तेथेच वाचला. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून काढलेली टिपणे त्यांनी स्वतः बांधून डेव्हींना पाठविली. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

१८३१ मधील विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. त्याहून कमी परिचित, पण मला तितकेच मोलाचे वाटणारे त्यांचे काम स्थिर विजेचे आहे.

१८३६ मध्ये त्यांनी बारा फूट लांबी, रुंदी व उंचीचा एक लाकडी सांगाडा उभारला, तारा आणि धातूच्या वर्खाने मढविला आणि जमिनीपासून विलग ठेवून प्रभारित केला. बाहेर ठिणग्या उडत असताना ते पेटत्या मेणबत्त्या व विद्युतदर्शी घेऊन आत शिरले. आत प्रभाराचा मागमूस नव्हता. तो सारा बाहेरच्या पृष्ठभागावर होता.

१८४३ चा प्रयोग याहून साधा. बर्फ ठेवण्याची धातूची बादली विलग ठेवून तिच्या बाहेरच्या बाजूस सुवर्णपत्र विद्युतदर्शी जोडला आणि रेशमी दोऱ्याने टांगलेला प्रभारित पितळी गोळा आत सोडला. गोळा बादलीला न टेकताच पाने फाकली. गोळा धन असेल, तर बादलीच्या आतल्या अंगाला तेवढाच ऋण प्रभार येतो आणि बाहेर तेवढाच धन.

याची पुढची पायरी आपल्या प्रयोगशाळेतही करता येते. गोळा आत असतानाच बादली क्षणभर जमिनीला जोडावी. पाने मिटतात, आणि बादली रिकामी झाली असे वाटते. तशी ती झालेली नसते. जोड तोडून मग गोळा बाहेर काढला, की पाने पुन्हा फाकतात. बादलीवर ऋण प्रभार उरलेला असतो. भूसंपर्काने वाहकाचा विभव शून्य होतो, प्रभार शून्य होईलच असे नाही. जवळ दुसरा प्रभार असेल, तर त्याच्या विरुद्ध प्रकारचा प्रभार भूसंपर्कित वाहकावर टिकून राहतो.

ही केवळ परीक्षेची बाब नाही. कॅम्प-१ मधील अनेक घरांतून विजेची कामे करणारी माणसे निघतात. शेजारून चालू वाहिनी जात असेल, तर बंद केलेल्या तारेवरही धोकादायक विभव प्रवर्तित होतो. म्हणून जाणता वायरमन तारेला एकदा अर्थिंग लावून ते काढून घेत नाही. हात तारेवरून निघेपर्यंत ते तसेच ठेवतो.

गणिताचे शिक्षण नसल्याने फॅरेडे यांनी आपल्या कल्पना बलरेषांच्या चित्रांतून मांडल्या. त्यांना गणिताचे रूप मॅक्सवेल यांनी दिले. सर ही पदवी त्यांनी नाकारली. मुलांसाठीची नाताळची व्याख्याने मात्र त्यांनी एकोणीस वर्षे दिली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे निधन झाले. वाहकाची प्रभार धारण करण्याची क्षमता आज फॅरड या एककात मोजतात.