भगवानदादांचा जमाखर्च

मानखुर्दहून कुर्ल्याकडे निघालेली लोकल गोवंडी सोडते आणि चेंबूरला येते. या परिसरात एकेकाळी चित्रपट तयार होत असत, हे आज तेथील तरुण प्रवाशाला मुद्दाम सांगावे लागते. राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ १९४८ साली येथे उभा राहिला. २०१७ च्या आगीत त्याचे मोठे नुकसान झाले आणि २०१९ मध्ये ती जागा एका गृहबांधणी कंपनीने विकत घेतली. त्या घटनेची निदान सर्वत्र वार्ता तरी झाली. परंतु त्याच चेंबुरात, आर. के.च्याही आधी एक वर्ष, एका गिरणी कामगाराच्या मुलाने स्वतःच्या कमाईतून जमीन घेऊन ‘जागृती’ या नावाचा स्टुडिओ काढला होता, याचे स्मरण फार थोड्यांना असेल. भगवान आबाजी पालव हे त्याचे नाव. महाराष्ट्र त्यांना भगवानदादा म्हणून ओळखतो.

भगवानदादांचे चरित्र आपल्याकडे बहुधा एका बोधकथेसारखे सांगितले जाते. चाळीतून बंगल्यात गेलेला आणि बंगल्यातून पुन्हा चाळीत आलेला माणूस, म्हणजे उधळपट्टीचे उदाहरण, असा तिचा मथितार्थ असतो. या कथेत तथ्य नाही असे नाही. मात्र एवढ्यावर समाधान मानले, तर एका कलावंताच्या आयुष्याचा जमाखर्च अर्धाच वाचल्यासारखे होईल. जमेची बाजू कोणत्या व्यवस्थेतून आली आणि खर्चाची बाजू कोणत्या व्यवस्थेने वाढविली, हेही पाहिले पाहिजे.

गिरणगावातून चेंबूरला

भगवानदादांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावती येथे झाला. वडील कापड गिरणीत कामगार होते. बालपण मुंबईच्या दादर-परळ भागातील कामगार वस्तीत गेले. शिक्षण बेताचे, कुस्तीचा शौक मोठा आणि चित्रपटाचे वेड त्याहून मोठे. काही काळ अंगमेहनतीची कामे केल्यावर, मूकपटांच्या अखेरच्या पर्वात ‘बेवफा आशिक’ या चित्रपटाद्वारे त्यांनी या व्यवसायात पाऊल टाकले. १९३८ साली चंद्रराव कदम यांच्यासमवेत ‘बहादुर किसान’ दिग्दर्शित केला. १९४१ मध्ये त्यांनी ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपटही दिग्दर्शित केला. १९४२ साली जागृती पिक्चर्स ही स्वतःची निर्मितिसंस्था काढली आणि १९४७ साली चेंबूरचा स्टुडिओ.

या यशाचा पाया होता स्टंटपटांचा. समीक्षकांनी या चित्रपटांकडे पाहिले नाही, आणि त्यांतील बहुतेक आज पाहावयासही मिळत नाहीत. परंतु त्यांचे अर्थशास्त्र पक्के होते. पिटातला प्रेक्षक हा त्यांचा आश्रयदाता. गिरणीची पाळी संपवून आलेल्या या माणसाला दोन घटका धमाल हवी असे; महागडे नट आणि भव्य देखावे यांची त्याला फिकीर नव्हती. म्हणून खर्च आवाक्यात ठेवला की नफा बहुतेक ठरलेला. भगवानदादा एका काळी अवघ्या ६५ हजार रुपयांत चित्रपट पूर्ण करीत. अभिनय, दिग्दर्शन आणि हाणामारी तर ते करीतच, शिवाय पोशाखांपासून कामगारांच्या जेवणापर्यंतची व्यवस्थाही स्वतःच पाहत. ज्यांच्या नावावर पुढे उधळपट्टीचा शिक्का बसला, त्यांनी पैसा मिळविला तो काटकसरीच्या जोरावर, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

या धंद्यातील जोखीम केवळ पैशाची नव्हती. १९४२ च्या ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात एका प्रसंगी भगवान यांनी मारलेली थप्पड वर्मी लागली आणि ललिता पवार यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला. डाव्या डोळ्यात कायमचे व्यंग राहिले. नायिकेच्या भूमिका संपल्या. ललिताबाईंनी विलक्षण जिद्दीने चरित्र-अभिनेत्री म्हणून दुसरी कारकीर्द उभारली, हे त्यांचे श्रेय. गिरणीत यंत्रात हात सापडलेल्या कामगाराला नुकसानभरपाई देणारा कायदा १९२३ सालापासून अस्तित्वात होता. कॅमेऱ्यासमोर जायबंदी झालेल्या कलावंताला आधार होता तो केवळ स्वतःच्या जिद्दीचा.

१९५१ : यश आणि इशारा

राज कपूर यांच्या सल्ल्यावरून भगवानदादांनी स्टंटपटांची वाट सोडली आणि १९५१ साली ‘अलबेला’ हा सामाजिक चित्रपट काढला. नायिका गीता बाली, गीतकार राजेंद्र कृष्ण आणि संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजेच रामचंद्र नरहर चितळकर. तुटपुंज्या मिळकतीच्या घरातील एक तरुण रंगभूमीवर नाव काढण्याचे स्वप्न पाहतो, बहिणीच्या लग्नासाठी घरात पैसा कमी पडतो, तो घराबाहेर पडतो आणि कीर्ती मिळवितो. पण त्याने घरी धाडलेले पैसे घरापर्यंत पोहोचत नाहीत. कारकुनाच्या व शिक्षकाच्या घरात रोज घडणारे हे नाट्य होते. त्या वर्षीच्या सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांत ‘अलबेला’ची गणना झाली. स्थूल अंगाचा, सामान्य चेहऱ्याचा हा नायक अगदी थोडी हालचाल करून नाचत असे, आणि आपल्यालाही हे जमेल असे प्रत्येक प्रेक्षकाला वाटे. त्यांच्या लोकप्रियतेचे मर्म बहुधा येथेच होते.

योगायोग असा की, त्याच १९५१ साली स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने आपला अहवाल सरकारला सादर केला. मासिक पगारावर कलावंत आणि तंत्रज्ञ बाळगणाऱ्या प्रभातसारख्या संस्थांचा काळ सरत आला होता. त्यांची जागा एकेका चित्रपटापुरते कर्ज काढणारे स्वतंत्र निर्माते घेत होते. बँका या धंद्याच्या वाऱ्याला उभ्या राहत नसत. भांडवल येई ते सावकाराकडून आणि वितरकाच्या आगाऊ रकमेतून, तेही जबर व्याजाने. समितीने या दुखण्यावर नेमके बोट ठेवले आणि वित्तपुरवठ्यासाठी स्वतंत्र महामंडळाची शिफारस केली. ते महामंडळ निघावयास १९६० साल उजाडले, आणि चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याची सरकारची घोषणा झाली ती १९९८ मध्ये. मधल्या काळात निर्मात्याचे राहते घर हेच त्याचे तारण होते. चित्रपट पडला की घर गेले, हा तेथील नियम होता.

भगवानदादांच्या बाबतीत तो नियम अक्षरशः लागू पडला. १९५३ च्या ‘झमेला’ने ‘अलबेला’ची पुनरावृत्ती केली नाही. १९५६ साली किशोरकुमारला घेऊन त्यांनी ‘भागम भाग’ काढला. ‘लाबेला’ कोसळला. स्टुडिओ गेला, जुहूचा २५ खोल्यांचा बंगला गेला, आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी निराळी अशी ख्याती असलेल्या सात मोटारी गेल्या. दादा पुन्हा दादरच्या चाळीत आले. ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘चोरी चोरी’ यांसारख्या चित्रपटांतील भूमिका सोडल्या, तर पुढील काही दशके त्यांच्या वाट्याला आली ती बहुतांशी किरकोळ कामे. नायकाच्या मागे दोन पावले नाचून जाणारा वृद्ध, एवढीच त्यांची ओळख उरली. सी. रामचंद्र, ओमप्रकाश आणि राजेंद्र कृष्ण हे मित्र त्या चाळीची पायरी चढत राहिले. बाकीच्यांना ती उंच वाटली असावी.

काटकसर कोणाची?

सात मोटारींची गरज कोणालाही नसते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु येथे नोकरदार वाचकाने स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. आपली बचत हा खरोखर आपला सद्गुण आहे काय? शिक्षकाचा वा कारकुनाचा पगार हातात पडण्यापूर्वीच त्यातून भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कापली जाते. विम्याचा हप्ताही पुष्कळदा कचेरीतूनच वळता होतो. जी काटकसर आपण स्वभावाच्या खात्यावर जमा करतो, ती मोठ्या प्रमाणात व्यवस्थेने लावलेली शिस्त असते. ज्याचे उत्पन्न दहा वर्षांतून एखाद्या वर्षी पुरासारखे येते आणि नंतर आटते, त्याला अशी शिस्त लावणारे कोणी नसते.

भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ सालचा, म्हणजे ‘अलबेला’नंतरच्या वर्षाचा. प्रथम ज्या सहा उद्योगांना तो लागू झाला त्यांत कापड उद्योग होता. आबाजी पालवांचा मुलगा वडिलांप्रमाणे साच्यावर उभा राहिला असता, तर त्याच्या नावाने दरमहा काही रक्कम जमा झाली असती. १९८२ च्या संपानंतर गिरणी कामगारांचीही वाताहत झाली, हे खरे. म्हणून गिरणी म्हणजे स्वर्ग होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु गिरणी कामगाराचे म्हातारपण हा सार्वजनिक प्रश्न आहे, एवढे तरी कायद्याने मानले होते. कलावंताचे म्हातारपण ही त्याची खासगी बाब ठरली.

अमेरिकेत १९६० साली चित्रपट नटांनी संप केला. त्यांच्या संघटनेने निवृत्तिवेतन व आरोग्यनिधी आणि नव्या चित्रपटांच्या दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणातून वाटा मिळविला. आपल्याकडे १९८१ मध्ये सिनेकामगारांसाठी कल्याणनिधीचा कायदा झाला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो विलीन करण्यात आला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनावरील हक्क पक्का झाला, पण सी. रामचंद्र १९८२ मध्ये आणि राजेंद्र कृष्ण १९८७ मध्येच गेले होते. आणि भगवानदादांची ती नृत्याची लकब? लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत ती पन्नास वर्षे नाचली गेली. बड्या नायकांनी ती उचलली. समाजाला तिच्यापासून अपार आनंद मिळाला. तिच्या निर्मात्याच्या खात्यावर त्यापोटी एक रुपयाही जमा होण्याची सोय नव्हती.

हा इतिहास मागे पडला असता तर त्याचा उच्चार करण्याचे कारण नव्हते. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणे बंद पडली तेव्हा रोजंदारीवरील सहकलाकार, प्रकाशयोजनेचे कामगार, रंगभूषाकार यांच्या घरी काही आठवड्यांतच धान्याची मदत पोहोचवावी लागली. दूरचित्रवाणी मालिकांत काम करणाऱ्यांचा मोबदला तीन-तीन महिन्यांनी हाती येतो, ही तक्रार आता जुनी झाली आहे. संहिता कागदावर आहे. प्रत्येक निर्मितीच्या खर्चातून ठरावीक हिस्सा आधीच बाजूला काढून तो कलावंताच्या व कामगाराच्या नावे जमा झाल्याखेरीज चित्रीकरण सुरूच होऊ नये, इतकी साधी तरतूद अमलात आणणे अशक्य नाही. गिरणीमालकांना ती १९५२ मध्ये पाळावी लागली.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादर येथे भगवानदादांचे हृदयविकाराने निधन झाले. २०१६ साली त्यांच्या आयुष्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला. स्मारके, चरित्रपट, जन्मशताब्दी हे सर्व योग्यच आहे. मात्र कलावंत गेल्यावर त्याच्या स्मृतीसाठी समाज जेवढी तजवीज करतो, तिचा काही अंश त्याच्या हयातीतील म्हातारपणासाठी राखून ठेवण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. ती लागेपर्यंत उधळ्या कलावंताची बोधकथा सांगण्याचा आपला अधिकार अपुरा आहे.