संविधानात आले ते आणि बाहेर राहिले ते

२६ नोव्हेंबर जवळ आला की यवतमाळ जिल्ह्यातील विहारांमध्ये संविधान दिनाची तयारी सुरू होते. उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते, रॅली निघते, भाषणे होतात. हे सर्व व्हायलाच हवे. त्यासोबतच १९४६ ते १९४९ या काळातील बाबासाहेब आपल्या तरुण कार्यकर्त्यांना नीट माहीत असावेत, असे आम्हाला वाटते. संविधान लिहिण्याची संधी त्यांना सहज मिळाली नाही आणि त्यांनी मागितलेले सगळेच त्यात आले नाही. जे राहिले, ते आपल्या जिल्ह्यातील शेतमजुराच्या पोटाशी जोडलेले आहे.

संविधान सभा निवडण्यासाठी सामान्य माणसाला मत नव्हते. प्रांतिक विधिमंडळांचे सदस्य मतदान करीत. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि या प्रांताच्या वाट्याला १७ जागा होत्या. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा दारुण पराभव झाला होता. त्यामुळे बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून संविधान सभेत जाण्याचा मार्ग उरला नाही. तेव्हा बंगालमधून जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना निवडून पाठवले. १७ डिसेंबर १९४६ रोजी अचानक बोलायची पाळी आली, तरी त्यांच्या भाषणाने विरोधकही प्रभावित झाले. पुढे बंगालच्या फाळणीमुळे त्यांचे सदस्यत्व गेले. जुलै १९४७ मध्ये बॅरिस्टर जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या मुंबईच्या जागेवर काँग्रेसनेच त्यांना निवडून आणले. ज्यांच्याशी आयुष्यभर संघर्ष केला, त्यांनाही त्यांच्या विद्वत्तेची गरज भासली.

त्याआधी, मार्च १९४७ मध्ये, त्यांनी फेडरेशनच्या वतीने एक निवेदन तयार केले होते. आज आपण ते 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या नावाने ओळखतो. शेतजमीन सरकारच्या मालकीची करावी, ती जातपात न पाहता गावकऱ्यांच्या गटांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, गावात जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असे भेदच राहू नयेत, अशी त्यांची मागणी होती. मूलभूत उद्योग आणि विमा सरकारकडे असावा, अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळावेत, हेही त्यात होते. ही आर्थिक व्यवस्था संविधानातच लिहिली जावी, म्हणजे कायदेमंडळातील बहुमत तिला हात लावू शकणार नाही, असा त्यांचा आग्रह होता.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी सात सदस्यांची मसुदा समिती नेमली गेली आणि दुसऱ्याच दिवशी बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. बी. एन. राव यांनी तयार केलेला कच्चा मसुदा समितीने तपासला, बदलला आणि २१ फेब्रुवारी १९४८ रोजी ३१५ कलमांचा मसुदा अध्यक्षांना सादर केला. याच काळात मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने बाबासाहेब बेजार होते. एप्रिल १९४८ मध्ये त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी मसुदा सभागृहात मांडला. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. समितीतील कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी दुसऱ्या कामात गुंतले, त्यामुळे सारा भार बाबासाहेबांवर पडला, हे समितीचेच सदस्य टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभागृहात सांगितले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर झाले. आज ते १७ वे कलम आहे.

मग जमिनीच्या मागणीचे काय झाले? समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेब सभागृहाच्या निर्णयांनी बांधलेले होते, आणि तिथे बहुमत दुसऱ्यांचे होते. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी समाजवादी हा शब्द घालण्याची दुरुस्ती आणली, तेव्हा बाबासाहेबांनीच तिला विरोध केला. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे लोकांनी काळानुसार ठरवावे आणि मार्गदर्शक तत्त्वांत ती दिशा आधीच दिलेली आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. राखीव जागा मिळाल्या, स्वतंत्र मतदारसंघ मिळाले नाहीत. जमिनीचा प्रश्न मार्गदर्शक तत्त्वांवर आणि पुढच्या सरकारांवर सोपवला गेला.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी ही उणीव लपवली नाही. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल, असा इशारा त्यांनी दिला. राजकारणातील व्यक्तिपूजेपासूनही सावध केले. दुसऱ्या दिवशी ३९५ कलमे आणि ८ अनुसूचींचे संविधान स्वीकारले गेले.

१९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडल्यावर त्यांनी मंत्रिपद सोडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि दोन दिवसांनी आपल्या वणीपलीकडच्या चंद्रपूरला त्यांनी लाखो लोकांना धम्म दिला. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

मित्रांनो, कापूस वेचणाऱ्या आपल्या मायबहिणींच्या मजुरीचा प्रश्न घेऊन तहसीलवर जाताना ४३ वे कलम सोबत असू द्या. त्यात शेतमजुरालाही निर्वाहापुरते वेतन मिळवून देण्याची दिशा शासनाला घालून दिली आहे. दुर्बल घटकांच्या शिक्षणासाठी आणि आर्थिक हितासाठी ४६ वे आहे. केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी तालुक्यांतील अनेक आदिवासी गावे पाचव्या अनुसूचीखाली येतात, त्या बांधवांसोबत बसून ती अनुसूची वाचा. मार्गदर्शक तत्त्वांसाठी थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. म्हणूनच ती अमलात आणायला संघटित लोक लागतात.

आमचे सांगणे एवढेच, की प्रत्येक विहारात आठवड्याला एक कलम वाचले जावे आणि ते आपल्या गावात लागू आहे की नाही यावर चर्चा व्हावी. बाबासाहेबांना बहुमताअभावी जे संविधानात आणता आले नाही, ते मिळवण्यासाठी प्रत्येकाला एक मत त्यांनी देऊन ठेवले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!